नवी पिल्लं जुन्या कोंबड्यांत कशी मिसळावीत

कोंबडीला नवं पाखरू दिसलं की ती आधी मान तिरकी करून एका डोळ्याने त्याच्याकडे बघते. मग मानेची पिसं फुलतात, अंग ताठ होतं, ती दोन पावलं पुढे येते आणि टोच मारते ती नेमकी डोक्याच्या मागच्या बाजूला. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. समोर मोठी कोंबडी असेल तर ती उलटून उभी राहते किंवा पळ काढते. सहा आठवड्यांच्या पिल्लाला यातलं काहीच नीट जमत नाही. ते कोपरा गाठतं, डोकं खाली घालतं आणि पाठ उघडी टाकतं. पुढच्या टोचा तिथे बसतात.

मी हे जवळून पाहिलं आहे. चिपळूणजवळ आमच्या परड्यात सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. त्यांच्या जोडीला मी गिरिराज जातीची दहा पिल्लं आणली, पडवीत पेटीत वाढवली आणि सहा आठवड्यांनी पिसं फुटली म्हणून एका संध्याकाळी दहाही उचलून मोठ्या खुराड्यात घातली. सकाळी दार उघडलं तर दोन मरून पडलेली. तिसऱ्याच्या डोक्यावरची कातडी सोलून निघाली होती, ते दुसऱ्या दिवशी गेलं. उरलेली सात एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती आणि खाली उतरायला तयार नव्हती. कोंबड्या काही दुष्ट नव्हत्या. चूक माझी होती, मी घाई केली. त्यानंतर चार वेळा नवी पिल्लं आणली आणि मिसळवण्यात एकही गमावलं नाही. त्यात करायचं काय आणि कधी, ते इथे सांगते.

आधी कोंबड्या असं का वागतात ते. कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते: खाद्याला आधी कोण, वरच्या काठीवर कोण, कुणी कुणाला टोचायचं. नॉर्वेचे थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून ही उतरंड टिपली आणि 1920च्या दशकाच्या सुरुवातीला ती शास्त्रीय लिखाणात मांडली. आपल्याकडे घरोघरच्या बायकांना ती आधीपासून माहीत होती, 'ती ढवळी सगळ्यांची मालकीण' असं आमच्याकडे सहज म्हणतात. नवं पाखरू आलं की ही सगळी मांडणी हलते आणि प्रत्येक कोंबडी आपली पायरी राखायला बघते. सगळ्यात जास्त त्रास देते ती वरची नव्हे, खालून पहिली किंवा दुसरी. तिच्याही खाली कुणीतरी येण्याची संधी तिला पहिल्यांदाच मिळालेली असते. वरचीचा वचक असतोच, त्यामुळे तिला फार काही करावं लागत नाही. म्हणून नजर ठेवायची ती खालच्यांवर.

पिल्लं कुठून आणि कधी आणावीत

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे एक दिवसाची पिल्लं मिळतात, कधी आठ-दहा आठवड्यांच्या तलंगाही, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्याही, मिळतात. मागणी आधी नोंदवावी लागते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं की कुठली जात, कधी आणि किती ते कळतं. परसासाठी गिरिराज, वनराज, कावेरी यांसारख्या सुधारित जाती चालतात. नुसती गावठी हवी असेल तर शेजारच्या गावातून घ्या, फक्त ती नीट तपासून घ्या.

दारावर मोटारसायकलवरून डालग्यात लाल-हिरवी रंगवलेली पिल्लं येतात ती घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. ती बहुतेक अंड्यांच्या जातीचे नर असतात. लस टोचलेली असेलच याची खात्री नाही, उन्हातान्हात फिरून ती अर्धमेली झालेली असतात आणि त्यांच्याबरोबर आजार घरात येतो. पोरं हट्ट करतात हे खरं. पण तुमच्या आधीच्या सात कोंबड्यांचा जीव त्या हट्टावर टांगू नका.

कोकणात दिवाळीनंतर पिल्लं आणणं सगळ्यात सोपं. पाऊस गेलेला असतो, भुसा कोरडा राहतो आणि पिल्लं मिसळायच्या वयाची होईपर्यंत जानेवारी-फेब्रुवारी येतो. जून ते ऑगस्टमध्ये ओल आणि रक्ती हगवण, एप्रिल-मेमध्ये उष्मा. पहिल्यांदाच करत असाल तर हे महिने टाळा.

एकटं पिल्लू कधीही आणू नका. सगळ्या कोंबड्यांचा रोख त्या एकावर राहतो. कमीत कमी तीन-चार, आणि जुन्या कोंबड्या जास्त असतील तर त्याहून अधिक. सोबत वाढलेली पिल्लं एकमेकांना धरून राहतात, मार वाटला जातो.

पहिले आठवडे: ऊब, लस आणि दुरावा

ऊब कशी द्यायची यावर बरंच लिहिलेलं मिळतं, मी थोडक्यात सांगते. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण 35 अंश सेल्सियस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन कलकल करत असतील तर गारठली आहेत, भिंतीला लागून चोच उघडी टाकून पडली असतील तर तापली आहेत, पेटीभर पसरून चरत असतील तर सगळं ठीक. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा. पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात गोटे घाला, नाहीतर पिल्लं बुडतात. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली गोणपाटात गुंडाळून आत ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवू नका, तो धूर पिल्लांना आणि माणसांना दोघांनाही मारतो.

ही पेटी जुन्या कोंबड्यांपासून लांब हवी. आमच्याकडे कोंबड्या मागच्या परड्यात, पिल्लं पुढच्या पडवीत. निदान तीन-चार आठवडे हा दुरावा ठेवा. तो भांडणासाठी नाही, आजारासाठी आहे. वरून ठणठणीत दिसणारी जुनी कोंबडी अंगात रोग बाळगून असू शकते, आणि बाहेरून आलेलं पिल्लूही. सकाळी आधी पिल्लांचं खाणंपिणं करा, मग कोंबड्यांकडे जा. उलटा क्रम ठेवू नका, कारण रोग तुमच्याच हातापायांनी चालत येतो. मी परड्यातल्या चपला वेगळ्या ठेवल्या आहेत, त्या पडवीत येत नाहीत.

मोठ्या वयाच्या तलंगा बाजारातून आणल्या असतील तर हा दुरावा आणखी कडक पाळा, पूर्ण एक महिना. नाकातून पाणी, डोळे सुजलेले, श्वासाला घरघर, विष्ठा हिरवी किंवा पांढरी पातळ, पंखाखाली पिसवा, पायांवरचे खवले वर उठलेले, यातलं काही दिसलं तर मिसळवण्याचा विषयच नको, आधी डॉक्टर.

लसीचं वेळापत्रक दवाखान्यातून लिहून घ्या, भागाप्रमाणे त्यात फरक असतो. साधारण असं असतं: मरेक्स रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, मग सहा ते आठ आठवड्यांत देवीची आणि राणीखेतची पुढची. राणीखेतलाच आपल्याकडे मानमोडी म्हणतात, कारण रोगट पाखराची मान पिळवटते. एकदा कळपात शिरली की औषध नाही, फक्त लस. लशीची कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. त्यामुळे वाडीतली चार घरं मिळून एकच दिवस ठरवा. आम्ही तसंच करतो, लस थर्मासमध्ये बर्फात आणतो आणि सकाळी उन्हं चढायच्या आत घरोघरी थेंब टाकून मोकळे होतो. त्याच दिवशी आपल्या जुन्या कोंबड्यांचीही लस राहिली असेल तर ती करून घ्या.

आणि एकदम बरीच पाखरं मरायला लागली तर ती पुरून गप्प बसू नका. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला होता, देशातली ती पहिली साथ. दवाखान्याला कळवणं हे आपलं आणि शेजाऱ्यांचं दोघांचं रक्षण आहे.

जाळीआडची ओळख

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका तोच गाळतात. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली, पाठ आणि मान पिसांनी भरली, बल्ब लागेनासा झाला, की त्यांना परड्यात आणा, पण जाळीच्या आड.

कोंबड्या जिथे दिवसभर वावरतात तिथेच, त्यांच्या खुराड्याला लागून, पिल्लांसाठी वेगळा कप्पा करा. आमचा कप्पा सहा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. तो दहा-बारा पिल्लांना सकाळ-संध्याकाळ पुरतो, मुक्कामाला ती पडवीत परत. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. षटकोनी भोकांची मऊ कोंबडीजाळी मुंगूस फाडतं आणि तिच्यातून मोठी कोंबडी चोच आत घालून पिल्लाचा डोळा फोडू शकते. मुंगसासाठी जाळीच्या बुडाशी चारही बाजूंनी चिरे लावा किंवा जाळी फूटभर जमिनीत गाडा. वरून झाप किंवा जाळी हवीच, घार दिवसाढवळ्या पिल्लू उचलते.

आत एक आडोसा ठेवा: पालथं घातलेलं फुटकं डालगं, दोन चिऱ्यांवर टेकवलेली फळी, काहीही. पिल्लाला वाटलं तर नजरेआड जाता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी ती तिथून हलणारही नाहीत. तिसऱ्या दिवशी जाळीजवळ येऊन कोंबड्यांकडे बघत बसतात.

आता जुन्या कोंबड्या काय करतात ते बघा. पहिले दोन दिवस जाळीपाशी येऊन टोचायला बघतील, एखादी जाळीवर उडी घेईल. हे होऊ द्या, जाळी आहे. मी या दिवसांत एकच युक्ती करते: जाळीच्या दोन्ही बाजूंना, अगदी समोरासमोर, खाद्याची भांडी ठेवते. इकडे कोंबड्या तांदळाची कणी टिपतात, तिकडे पिल्लं आपलं भरडलेलं खाद्य. खाताना त्यांच्या चोची सहा इंचांवर असतात. पहिल्या दिवशी कोंबड्या खाणं सोडून जाळीवर चोच आपटतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मान वर करून बघतात आणि पुन्हा खाली घालतात. दहाव्या दिवशी बघतही नाहीत. हे 'न बघणं' हीच तुमची खूण आहे. मी कॅलेंडरवर नाही, यावर जाते. माझ्याकडे एका वेळी हे आठ दिवसांत झालं, एका वेळी तेवीस लागले, कारण एक कोंबडी खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायला बसून, नुकतीच उठली होती आणि तिचा पारा चढलेला होता.

निदान दोन आठवडे तरी जाऊ द्या. शेजारच्या काकी पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या, "अगो, एवढं काय ते नटवतेस, आमच्या वेळी डाल्याखाली दोन दिवस ठेवायचो नि सोडायचो." मी विचारलं, "मग काकी, जगायची किती?" त्या थोडा वेळ थांबल्या, म्हणाल्या, "अर्धी." त्यांच्याकडे पिल्लं फुकट होती, आईच्या मागची होती, अर्धी गेली तरी कुणाच्या लक्षात राहायचं नाही. आपण विकत आणतो, मोजून आणतो.

या काळात आणखी एक काम आपोआप होतं. कप्प्यातल्या मातीत जुन्या कोंबड्यांच्या विष्ठेतले रक्ती हगवणीचे जंतू थोडेथोडे पिल्लांच्या पोटात जातात आणि त्यांचं शरीर त्यांना ओळखायला शिकतं. थोडे गेले तर फायदा, एकदम खूप गेले तर पिल्लं मरतात. ओल असली की ते जंतू फोफावतात. म्हणून कप्प्याची जमीन कोरडी ठेवा, पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेवा, खालचं तूस रोज काठीने खालीवर करा आणि ओलं झालेलं काढून टाका. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना धोका जास्त. पंख ढिले, अंग फुललेलं, डोळे मिटलेले आणि विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी औषध आणा. अँप्रोलियम पाण्यातून देतात, मात्रा डॉक्टरांकडून घ्या. एक दिवस बघू म्हणून थांबलात तर दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं कमी होतात.

दार उघडायचा दिवस

पिल्लं किती मोठी झाली की दार उघडायचं? लोक वय विचारतात. मी आकार बघायला सांगते. पिल्लू तुमच्या सगळ्यात लहान कोंबडीच्या दोन-तृतीयांश तरी व्हावं. गिरिराज लवकर वाढतात, दोन महिन्यांतच गावठी कोंबडीच्या जवळ येतात. गावठी पिल्लांना दहा-बारा आठवडे लागतात. दोन्ही जाती एकाच वेळी आणल्या असतील तर गावठींची वाट बघा.

जागा कुणाचीच नको. खुराड्यात नाही, कोंबड्यांच्या रोजच्या धुळीच्या खड्ड्यापाशी नाही, तर परड्याच्या मोकळ्या बाजूला. आदल्या दिवशी त्या बाजूला तीन-चार गोष्टी नव्या आणून ठेवा: भाताच्या पेंढ्याचा ढीग, पालापाचोळ्याची रास, एखादं लाकूड. कोंबड्यांचं लक्ष त्यात गुंततं आणि पिल्लांना मागे लपायला मिळतं. पेंढा त्या उकरायला लागल्या की पिल्लांचं अस्तित्व निम्मं विसरतात.

वेळ संध्याकाळची, अंधार पडायच्या तास-दीड तास आधी. कोंबड्यांना आधीच पोटभर घाला. मग कप्प्याचं दार फक्त पिल्लांपुरतं उघडा. हात घालून पिल्लं बाहेर काढू नका, ती स्वतः येतील. पहिल्या दिवशी काही येणारच नाहीत, हरकत नाही. तुम्ही जवळ बसून राहा. मोबाईल घेऊन नाही. पिल्लं जाळीत आहेत तेव्हा तुमचं लक्ष लागत नाही, आता लागतं.

टोचा पडतील. त्या पडायलाच हव्यात. एक टोच, पिल्लू पळालं, कोंबडी परत चरायला लागली, हे झालं तर मध्ये पडू नका. तुम्ही मध्ये पडलात की उतरंड ठरायची राहते आणि उद्या तेच पुन्हा होतं. मध्ये पडायचं ते तीन कारणांनी: कोंबडी पाठलाग करत पिल्लाला कोपऱ्यात दाबते, दोन-तीन कोंबड्या मिळून एकावर तुटून पडतात, किंवा रक्त दिसतं. रक्त दिसलं की एक सेकंदही थांबू नका. लाल दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात, आणि ते थांबवता येत नाही. ते पिल्लू उचला, जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, जेंशन व्हायोलेट लावा. जांभळ्या रंगाने लाल झाकतं, तोच त्याचा मोठा उपयोग. घरात काही नसेल तर खोबरेल तेलात हळद. जखम पूर्ण सुकेपर्यंत त्याला जाळीआड ठेवा, पण एकटं नाही, सोबत एक शांत भाऊबंद ठेवा.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी अर्धा तास, मग वाढवत न्या. आठवड्याभरात संध्याकाळचे दोन तास झाले की सकाळीही सोडा.

एक कोंबडी अशी असते जी पाठलाग सोडत नाही. माझ्याकडे लालसर मानेची एक होती. तिला मारून, हाकलून, पाणी उडवून काही उपयोग झाला नाही. शेवटी मी पिल्लांना मोकळं ठेवलं आणि तिला चार दिवस वेगळ्या डालग्यात, कळपाच्या नजरेआड ठेवलं. परत सोडली तेव्हा उतरंडीतली तिची जागा गेलेली होती, तिला स्वतःलाच दबून राहावं लागलं. पिल्लांकडे बघायला तिला सवड नव्हती. हा उपाय मला सगळ्यात जास्त लागू पडला आहे. त्रास देणारीला काढा, त्रास होणाऱ्याला नको.

कोंबड्याची भीती लोकांना वाटते. जुना, शहाणा कोंबडा सहसा पिल्लांना काही करत नाही, उलट कोंबड्यांची भांडणं तोडतो. अडचण होते ती पिल्लांमधलेच नर चार-पाच महिन्यांचे होऊन आरवायला लागले की. आमच्या आकाराच्या परड्यात एकच कोंबडा पुरतो. बाकीच्यांचं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर ते तलंगांची पाठ सोलून काढतात.

खाद्य वेगळं, पण भांडण नको

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेयर खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं. वाढत्या पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं, जास्त गेलं तर मूत्रपिंडं बिघडतात. पिल्लांचं स्टार्टर किंवा ग्रोअर खाद्य मात्र मोठ्या कोंबड्यांनी खाल्लं तर काही होत नाही, फक्त त्यांना अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम कमी पडतं. म्हणून मिसळल्यावर सगळ्यांना ग्रोअर द्या आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवा. कोकणात शिंपल्या फुकट मिळतात, भाजून कुटून ठेवा. कोंबडी हवा तेवढाच चुरा खाते, पिल्लं त्याला फारसं विचारत नाहीत. तलंगा पहिली अंडी घालेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांपर्यंत, हेच चालू ठेवा.

भांडी दोन नव्हे, तीन-चार ठेवा, आणि एकमेकांपासून इतकी लांब की एक कोंबडी उभी राहून दोन राखू शकणार नाही. मध्ये एखादं झुडूप किंवा फळी आली तर अजून चांगलं, पलीकडचं भांडं दिसत नाही. पाण्याचंही तसंच. उपाशी आणि तहानलेलं पिल्लू दिसायला शांत दिसतं, म्हणून चकवतं. दर दोन दिवसांनी संध्याकाळी पिल्लाची पोतडी, म्हणजे मानेखालची पिशवी, बोटांनी चाचपून बघा. भरलेली लागली पाहिजे. रिकामी लागली तर त्याला कुणीतरी खाऊ देत नाही.

पिल्लांपुरती वाटही करा. कप्प्याच्या जाळीत एक फट ठेवा जिच्यातून पिल्लू जातं पण कोंबडी जात नाही. चार इंच रुंदीपासून सुरू करा आणि आपल्या सगळ्यात सडपातळ गावठी कोंबडीवर मापून बघा, त्या दिसतात त्यापेक्षा बारीक असतात. त्या फटीच्या आत पिल्लांचं खाद्य आणि पाणी. पाठलाग झाला की ती तिथे शिरतात, खातात आणि पुन्हा बाहेर येतात. दोन दिवसांत त्यांना ती वाट पाठ होते.

रात्रीचा मुक्काम

दिवसभर शांत राहिलेला कळप संध्याकाळी काठीवरून भांडतो, कारण वरची काठी म्हणजे मान. खुराड्यात दोन काठ्या असतील तर तिसरी लावा, पाखरामागे वीस सेंटिमीटर तरी जागा मिळाली पाहिजे. जमिनीवर मोठ्या पाखरामागे दोन चौरस फूट धरा, गर्दीत कुणाचंच जमत नाही.

दिवसाचं फिरणं आठवडाभर शांततेत झालं की मगच पिल्लांना रात्री आत न्या. पूर्ण अंधार पडू द्या. कोंबड्यांना अंधारात फारसं दिसत नाही, त्या जागच्या हलत नाहीत. पिल्लांना एकेक करून अलगद खालच्या काठीवर, सगळी शेजारीशेजारी ठेवा. टॉर्च लावू नका, लावावाच लागला तर त्यावर लाल कापड बांधा. पण रात्री ठेवून झोपून गेलात आणि सकाळी सातला उठलात तर काही साधलं नाही. खरी वेळ पहाटेची आहे. तांबडं फुटताच दार उघडायला तुम्ही तिथे हवेत, म्हणजे बंद जागेत समोरासमोर येण्याआधी सगळी बाहेर पडतात. माझी ती पहिली दोन पिल्लं गेली ती रात्री नाही, उजाडल्यानंतरच्या अर्ध्या तासात गेली असणार. दहा-बारा दिवस हे करावं लागतं.

घरात खुडूक कोंबडी असेल तर

मग वरचं बरंचसं काम ती करते. खुडूक कोंबडी अंड्यांवर अठरा-वीस दिवस घट्ट बसलेली असेल तर रात्री तिच्याखालची अंडी काढून तिथे एक-दोन दिवसांची पिल्लं सरकवता येतात. तिच्या पोटाखाली एकेक पिल्लू घाला, हात हळू, बोलणं नाही. तिचा आवाज बदलतो, खोल घशातून कुक्-कुक् सुरू होतं, तो ऐकू आला की समजा तिने घेतली. पहाटे पुन्हा बघा. टोचत असेल तर पिल्लं लगेच काढून बल्बखाली ठेवा. चार-पाच दिवसांपेक्षा मोठी पिल्लं सहसा जमत नाहीत, ती तिला आई मानत नाहीत. तिच्याकडे आधीच स्वतःची पिल्लं असतील तर नव्यांचा रंग त्यांच्यासारखा असलेला बरा. आणि एका गावठी कोंबडीला आठ-दहा पिल्लं पुरे, थंडीत त्याहून जास्त पोटाखाली मावत नाहीत.

अशी आई पिल्लांना पहिल्या आठवड्यातच कळपात घेऊन फिरते. कुणी जवळ आलं की पंख पसरून अंगावर जाते, आणि मोठ्या कोंबड्याही तिला वाट देतात. तुम्ही फक्त तिला आणि पिल्लांना पहिले आठ-दहा दिवस रात्री वेगळ्या डालग्याखाली कोंडा, मुंगूस आणि उंदीर-घुशींपासून. लस मात्र याही पिल्लांना हवी, आईमुळे रोग टळत नाही.

गडबड होते ती सहा-आठ आठवड्यांनी. एक दिवस आई पिल्लांना अचानक टोचून हाकलायला लागते, तिला पुन्हा अंडी घालायची असतात. पिल्लं भांबावतात, आणि जुन्या कोंबड्यांना तेवढंच हवं असतं. या आठवड्यात त्यांच्यावर तसंच लक्ष ठेवा जसं विकत आणलेल्या पिल्लांवर ठेवलं असतं. पिल्लांपुरती वाट आणि जादा भांडी तयार ठेवा.

जमलं हे कसं ओळखायचं? दुपारच्या उन्हात जुन्या कोंबड्या चिंचेखाली धुळीत अंग घोळवत असतात. पिल्लं आधी दहा फुटांवर आपला वेगळा खड्डा करतात. रोज थोडी जवळ सरकतात. एक दिवस एखादं पिल्लू ढवळीच्या पंखाला पाठ लावून त्याच खड्ड्यात लोळत असतं आणि ती डोळाही उघडत नाही. त्या दिवशी कप्प्याचं दार काढून बाजूला ठेवा. जाळी मात्र मोडू नका, धुऊन, चुना मारून तशीच उभी राहू द्या, पुढच्या दिवाळीनंतर लागेल.